चक्काजाम

काम साधं होतं. पुण्यातल्या कुठल्याही प्रयोगशाळेत सापडेल तसलं. एका पीएचडीच्या विद्यार्थिनीचा पायथनमध्ये लिहिलेला प्रोग्राम तिच्या लॅपटॉपवर आठ तास चालायचा. रात्री लावून झोपायचं आणि सकाळी उठून बघावं तर शेवटच्या ओळीत फाइलचं नाव चुकलेलं, म्हणजे पुन्हा आठ तास. लॅपटॉपला कोअर आठ. त्यातला एक घाम गाळतोय आणि उरलेले सात गावच्या पारावर बसल्यासारखे बसलेत, हे टास्क मॅनेजरच्या आलेखांत तिला रोज दिसत होतं. शेवटी शुक्रवारी दुपारी सर म्हणाले, "अगं, काम वाटून दे ना सगळ्यांना. एमपीआय वापर. पायथनसाठी तयार पॅकेज आहे, नुसतं इन्स्टॉल करायचं."

'नुसतं' हा फार फसवा शब्द आहे. 'नुसता वरणभात टाक' म्हणणाऱ्याने कधी कुकर लावलेला नसतो.

त्या पॅकेजचं नाव एमपीआय-फोर-पाय. लिसान्द्रो दाल्सिन या अर्जेंटिनाच्या संशोधकाने ते लिहिलं आणि वर्षानुवर्षं सांभाळलं. नावातला चाराचा आकडा इंग्रजीत 'साठी' या अर्थाने आहे आणि 'पाय' हे पायथनचं लघुरूप. मराठी डोळ्याला मात्र तिथे सरळ चार पाय दिसतात, आणि खरं सांगायचं तर मराठी डोळाच बरोबर आहे. ऑपरेटिंग सिस्टीम, प्रोसेसर, पायथनची आवृत्ती आणि खाली काम करणारी एमपीआय, या चारही पायांची उंची जुळली तरच खाट उभी राहते. एक जरी बोटभर आखूड निघाला, की इराणी हॉटेलातल्या डगमगत्या टेबलासारखी कागदाची घडी शोधत फिरायचं.

पायथनचा सापाशी मुळात काही संबंध नाही. गिडो व्हॅन रॉसम या डच प्रोग्रामरने १९९१मध्ये ही भाषा लोकांपुढे ठेवली, तेव्हा नाव उचललं ते माँटी पायथन या विनोदी मंडळींच्या ब्रिटिश टीव्ही कार्यक्रमावरून. त्या कार्यक्रमात चीजच्या दुकानाचा एक प्रवेश आहे. गिऱ्हाईक एकेका चीजचं नाव घेतं, दुकानदार दर वेळी 'नाही' म्हणतो, आणि अखेर दुकानात चीज नावाला नाही असं निघतं. पेठांमधल्या वाचकांना यात विनोद कुठला ते चटकन कळणार नाही. २००३च्या सुमारास पायथनची पॅकेजेस एका जागी नोंदवणारं भांडार उभं राहिलं, त्याला या प्रवेशावरून 'चीज शॉप' असं टोपणनाव पडलं. सुरुवातीला त्या भांडारात नुसत्या नोंदी असत, माल दुसरीकडे. म्हणजे नाव अगदी विचारपूर्वक ठेवलेलं होतं. आज त्याला पायपीआय म्हणतात आणि तिथे पाच लाखांहून जास्त पॅकेजेस आहेत. बांधून तयार पॅकेजला आधी 'एग', म्हणजे सापाचं अंडं, म्हणत. पुढे २०१३मध्ये नवा साचा मान्य झाला, त्याचं नाव 'व्हील'. हे गाडीचं चाक नव्हे. चीजच्या दुकानात चीजचं जे भलंमोठं गोल चाक असतं, ते हे.

मराठीने इथे फुकटात एक शब्द देऊ केलाय. चीजच्या चाकाला चक्का म्हणावं. श्रीखंडासाठी टांगतात तो चक्का, शेजारच्या हिंदीत चाक तेही चक्का, आणि सगळं अडलं की होतो तो चक्काजाम.

चक्का विकत आणायचा तो दूध, विरजण, फडकं आणि रात्रभर खुंटीला टांगणं ही यातायात टळावी म्हणून. पायथनमधली गणिताची वजनदार पॅकेजेस आतून सी, सी प्लस प्लस किंवा फोरट्रानमध्ये लिहिलेली असतात, कारण आकडेमोडीत पायथन स्वतः रमतगमत चालतो. ती घरी बांधायची तर कंपायलर लागतो, लायब्रऱ्या लागतात आणि शांत स्वभाव लागतो. तयार चक्क्यात हे सगळं कुणीतरी आधीच करून ठेवलेलं असतं. पिप नावाच्या पोऱ्याला हाक मारायची, तो चक्का आणून ठेवतो.

फक्त पाकिटावरचं नाव वाचायचं. ते असं असतं: नमपाय-२.१.०-सीपी३१२-सीपी३१२-विन_एएमडी६४. हे नाव कमी आणि पत्रिका जास्त आहे. नमपाय हे मुलाचं नाव, २.१.० ही आवृत्ती. सीपी३१२ म्हणजे पायथन ३.१२. तेच पुन्हा छापलंय ती छपाईची चूक नव्हे. पहिलं भाषेचं गोत्र, दुसरं यंत्राच्या पातळीवरच्या सोयरिकीचं. शेवटी विंडोज, चौसष्ट बिट. इथे नवखा हमखास अडखळतो, कारण त्याच्या लॅपटॉपवर इंटेलचं स्टिकर असतं आणि पाकिटावर एएमडी लिहिलेलं असतं. इंटेलच्या प्रोसेसरमधला आजचा चौसष्ट बिटांचा संच मुळात एएमडीने मांडला आणि नाव तेच चिकटलं, हे त्याला कुणी सांगत नाही. तो बिचारा इंटेलचा चक्का शोधत बसतो. तो नसतोच.

आता आपली विद्यार्थिनी. तिने त्याच आठवड्यात पायथनची सगळ्यात नवी आवृत्ती घेतली होती. नवं ते चांगलं ही समजूत फोनपुरती ठीक आहे. पायथनची नवी आवृत्ती दर ऑक्टोबरात येते, आणि तिच्यासाठी चक्के लावायला पॅकेजवाल्यांना वेळ लागतो. कुणाला आठवडा, कुणाला सहा महिने. पिपचा एक स्वभाव या ठिकाणी ध्यानात ठेवायला हवा. जुळणारा चक्का मिळाला नाही तर तो 'चक्का संपला' असं म्हणत नाही. तो गुपचूप दूध घेऊन येतो आणि तुमच्या ओट्यावर विरजण लावायला घेतो. मग पडद्यावरून दोनशे लाल ओळी धावत जातात आणि शेवटी कळतं, की मायक्रोसॉफ्टचं व्हिज्युअल सी प्लस प्लस १४.० किंवा त्याहून नवं लागेल. ते उतरवायचं तर काही जीबींचं. म्हणजे वाटीभर श्रीखंडासाठी गोठा बांधा. पूर्वी याच जागी 'व्हीसीव्हार्सऑल डॉट बॅट सापडत नाही' असा संदेश यायचा. नव्या संदेशात निदान काय हवं ते तरी लिहिलेलं असतं.

विंडोजवाल्यांचे ते दिवस ज्यांनी काढले, त्यांच्यापैकी अनेकांना क्रिस्तोफ गोल्के हे नाव अजून आठवतं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन इथल्या, चमकणाऱ्या रेणूंचा अभ्यास करणाऱ्या एका प्रयोगशाळेतले हे गृहस्थ. अवघड अवघड पॅकेजेस विंडोजसाठी बांधायची आणि एका साध्या पानावर मांडून ठेवायची, हा त्यांनी वर्षानुवर्षं नेम ठेवला होता. पानावर 'अनधिकृत' असं स्पष्ट लिहिलेलं असे. अधिकृत मार्ग सगळे बंद आणि अनधिकृत पान मात्र रोज उघडं, अशी स्थिती होती. जगभरच्या किती प्रबंधांच्या ऋणनिर्देशात हे नाव यायला हवं होतं आणि त्याऐवजी कुलगुरूंचं आलं, कोण जाणे. प्रयोगशाळेचा निधी संपला आणि २०२२मध्ये ती सेवाही थांबली. तोवर बहुतेक पॅकेजवाले स्वतःच विंडोजचे चक्के लावू लागले होते.

तिच्या शेजारच्या टेबलावर दादा बसतो. दादा म्हणजे प्रयोगशाळेतला सगळ्यात जुना विद्यार्थी. त्याचा प्रबंध 'जवळजवळ झालाय' ही बातमीही तितकीच जुनी. दादा लिनक्स वापरतो, आणि आपण लिनक्स वापरतो हे समोरच्याला पहिल्या पाच मिनिटांत कळेल याची काळजी घेतो.

"एमपीआयचं लचांड कशाला मागे लावून घेतेस? पायथनमध्ये मल्टीप्रोसेसिंग आहेच की. काही इन्स्टॉल करायला नको. हा घे माझा कोड, चार वर्षं वापरतोय."

कोड तिच्या विंडोजवर चालवताच चारी बाजूंनी आरडाओरडा सुरू झाला. कारण मजेशीर आहे. लिनक्सवर वर्षानुवर्षं नवा कामगार जन्माला यायचा तो थेट बापाची प्रत म्हणून, आठवणींसकट. विंडोजवर मात्र पोर कोरं जन्मतं आणि प्रोग्राम पहिल्या ओळीपासून वाचायला घेतं. वाचता वाचता त्याला 'कामगार जन्माला घाल' ही ओळ लागते, आणि पाळण्यातलं बाळ स्वतःच्या मुलांच्या बारशाची तयारी करू लागतं. हा वंशविस्तार आवरावा म्हणून पायथन मध्येच हात धरतो: आधीचं पोर अजून नीट उभं राहिलेलं नाही, एवढ्यात दुसरं कसलं? 'मुख्य प्रोग्राम मीच असेन तरच पुढचं कर' अशा अर्थाची एक ओळ लिहिली की भागतं. दादाच्या कोडमध्ये ती नव्हती.

"माझ्या मशीनवर तर चालतंय," दादा म्हणाला. या वाक्यानंतर पुढे बोलण्यासारखं काही राहत नाही. पण काळाने सूड घेतला. मॅकनेही २०१९मध्ये पायथन ३.८पासून कोरी पोरं घालायची पद्धत धरली, आणि २०२५च्या ऑक्टोबरात आलेल्या ३.१४ने लिनक्सवरची जुनी पद्धतही आपसूक मिळायची बंद केली. ३.१४ म्हणजे गणितातला पाय. दादाच्या चार वर्षांच्या कोडवर पाय पडला तो असा.

तर पुन्हा एमपीआय. पायथनची एक आवृत्ती मागे गेल्यावर पिपने एमपीआय-फोर-पायचा चक्का विनातक्रार आणला. 'यशस्वीरीत्या इन्स्टॉल झालं' अशी ओळ आली. तिने ती दोनदा वाचली, चहा घेऊन आली, प्रोग्राम चालवला, आणि विंडोजने कळवलं: नमूद केलेलं मॉड्यूल सापडलं नाही.

कुठलं मॉड्यूल? नमूद केलेलं. कुठे नमूद केलंय? तेच तर नमूद केलेलं नाही. सातबाऱ्यावर 'वरीलप्रमाणे' लिहिलेलं असावं आणि वर काहीच नसावं, तसं.

घरी श्रीखंड करणाऱ्याला यातली गोम चटकन कळेल. नुसता चक्का आणून भागत नाही, तो साखरेसह पुरणयंत्रातून काढावा लागतो. एमपीआय-फोर-पाय हा चक्का. पुरणयंत्र म्हणजे खुद्द एमपीआय, ती घरात आधीपासून हवी. विंडोजसाठी मायक्रोसॉफ्टची स्वतःची एमपीआय आहे आणि ती दोन वेगळ्या फाइलींत मिळते. एकीत प्रोग्राम चालवायचं सामान, दुसरीत बांधायचं. दोन्हींची नावं सख्ख्या बहिणींसारखी. तिने अर्थातच नको ती आधी घेतली.

आणि तरीही विंडोज या बाबतीत सुखी होती असं म्हणायला हवं. एमपीआय-फोर-पायच्या ३.१ आवृत्तीच्या काळात पायपीआयवर विंडोजसाठी तयार चक्का होता आणि लिनक्ससाठी नव्हता! विंडोजच्या गावात पुरणयंत्राचं मोठं दुकान एकच, मायक्रोसॉफ्टचं. त्याच्या मापाने चक्का बांधला की झालं. लिनक्सच्या गावात दुकानं अनेक, आणि एकाची जाळी दुसऱ्याला बसत नाही.

ही जाळीची गोष्ट जरा थांबून बघण्यासारखी आहे. एमपीआय हे काही एक सॉफ्टवेअर नाही, ती नियमावली आहे, १९९४मध्ये ठरलेली. अनेक संगणकांवर, अनेक कोअरवर पसरलेल्या कामगारांनी एकमेकांना निरोप कसे द्यायचे, याचे नियम. ते पाळून शिकागोजवळच्या अर्गॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेत एमपीआयसीएच घडली. पुढे २००४च्या सुमारास काही जुने प्रकल्प एकत्र येऊन ओपन एमपीआय झाली. नियमावलीने फंक्शनची नावं ठरवली, पण आतली मांडणी ज्याच्या त्याच्यावर सोडली. 'सगळे कामगार' या अर्थाची जी खूण आहे, ती एमपीआयसीएचमध्ये एक साधा पूर्णांक आहे, दशमानात ११४०८५०६८८. ओपन एमपीआयमध्ये तीच खूण म्हणजे मेमरीतला पत्ता. आता एकीची खूण दुसरीच्या हातात पडली तर काय होणार? घर नंबर सांगावा आणि समोरच्याने तो फोन नंबर समजून लावून बघावा, तसं.

दादाचं हेच झालं. त्यालाही आता चेव चढला होता. एका विद्यार्थिनीच्या विंडोजपुढे लिनक्सने मान टाकावी हे त्याला पटेना. त्याने पिपला हाक मारली तर त्याच्या नव्या उबुंटूने दारातच अडवलं. २०२३पासून डेबियन आणि उबुंटूने असा पवित्रा घेतलाय, की सिस्टीमचा पायथन हा सिस्टीमच्या कामाचा आहे, त्यात बाहेरचं काही आणायचं नाही. तरीही आणायचंच असेल तर एक शब्द जोडायची सोय ठेवली आहे, आणि तो शब्द 'ब्रेक-सिस्टीम-पॅकेजेस' असा आहे. बटण दिलंय, वर स्पष्ट अक्षरांत 'घर पाड' असं लिहिलंय. लोक ते रोज दाबतात.

दादाने ते दाबलं नाही, त्याने कोंडा आणला. पायथन साप नव्हता असं वर म्हटलं खरं; पण पुढच्या पिढीला हे कुणी कळवलं नसावं. ॲनाकोंडा आली, तिचा कोंडा आला, तो फार संथ म्हणून मांबा आली, मग मायक्रोमांबा, बोआ, रॅटलर. आता तिथे बारा महिने नागपंचमी असते. कोंडाचं एक मात्र बरं: तो चक्क्याबरोबर पुरणयंत्रही आणतो. त्याआधी मात्र 'एन्व्हायर्नमेंट सोडवत आहे' अशी ओळ आणि तिच्यापुढे गरगर फिरणारी एक रेघ दिसते. पूर्वी ही रेघ इतका वेळ फिरायची की माणसं जेवून यायची. २०२३मध्ये मांबाचं इंजिन कोंडाच्या आत बसवलं, तेव्हापासून जेवणाऐवजी चहावर भागतं.

कोंडाने आणलेली एमपीआय होती एमपीआयसीएच. दादाच्या उबुंटूवर आधीपासून नांदत होती ओपन एमपीआय. त्याने चार कामगारांना हजेरी द्यायला सांगितलं, पण हाक मारली ती जुन्या घरच्या मुकादमाने. पडद्यावर ओळी आल्या:

मी क्रमांक ०, एकूण १.
मी क्रमांक ०, एकूण १.
मी क्रमांक ०, एकूण १.
मी क्रमांक ०, एकूण १.

कुठे चूक नाही, लाल अक्षर नाही, तक्रार नाही. चार जण कामाला आलेत, प्रत्येकाला वाटतंय आपण एकटेच आहोत आणि प्रमुखही आपणच. चौघांनी अख्खं काम पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतंत्रपणे केलं आणि चौघांनी एकाच फाइलवर उत्तर लिहिलं. बाराभाईंच्या कारभारात निदान आपण अनेक जण आहोत हे प्रत्येकाला ठाऊक होतं.

या जाळ्यांचं माप एक करायला किती वेळ लागला? नियमावली १९९४ची, आणि आतली मांडणीही सगळ्यांची सारखी असावी हा ठराव एमपीआय ५.० या आवृत्तीत आला २०२५च्या जूनमध्ये. एकतीस वर्षं. त्याच वर्षी आलेल्या एमपीआय-फोर-पायच्या ४.१ आवृत्तीने पायपीआयवर लिनक्स, मॅक आणि विंडोज तिन्हींसाठी चक्के लावले, वेगवेगळ्या पुरणयंत्रांत चालतील असे. हे लोक निवांत असतात, पण करतात.

लिनक्ससाठी सर्वांना चालणारा चक्का बांधायचा ही युक्ती त्याआधीची, आणि ती पंगतीच्या आचाऱ्याला विचारून काढली असावी इतकी देशी आहे. लिनक्सची घराणी असंख्य. प्रत्येकाच्या तळाशी असलेली सी लायब्ररी नवी-जुनी. नव्यावर बांधलं तर जुन्यावर चालत नाही, जुन्यावर बांधलं तर नव्यावर चालतं. मग २०१६मध्ये ठरलं, की सगळ्यांचं पॅकेज सेंटओएस ५ या २००७च्या लिनक्सवर बांधायचं. म्हणजे पंगतीत कोण येणार ठाऊक नाही, तर कांदा-लसूण घालूच नये, सगळे जेवतात. या साच्याचं नाव 'मॅनीलिनक्स'. 'ऑल' म्हटलं नाही, 'मॅनी' म्हटलं. त्यात प्रामाणिकपणा आहे. अल्पाइन नावाचं एक घराणं तरीही उठून गेलंच, त्याची सी लायब्ररीच निराळी. त्याच्यासाठी पुढे वेगळं ताट मांडलं, 'मसललिनक्स'.

शनिवारी सरांनी आपला मॅक आणला. "माझ्याकडे करून बघू. मॅकवर हे प्रॉब्लेम येत नाहीत."

सरांचा मॅक नवा होता, आतला संसार मात्र जुना. ॲपलने २०२०च्या नोव्हेंबरात इंटेल सोडून स्वतःच्या चिपचे मॅक आणायला सुरुवात केली, आणि जुन्या प्रोग्रामांसाठी रोझेटा नावाचा दुभाषा आत बसवला. दुभाषा इतका सफाईदार, की आपण दुभाष्यामार्फत बोलतोय हे माणसाला कळत नाही. सरांनी जुन्या मॅकवरचं सामान उचलून नव्यावर टाकलं होतं, इंटेलच्या पायथनसकट. नवा फ्लॅट, मॉड्युलर किचन, आणि ओट्यावर वाड्यातला पाटा-वरवंटा. चारातली तीन पॅकेजेस जुन्या चिपची, एक नव्या चिपचं. संदेश आला: आहे एआरएम६४, हवं एक्स८६_६४. सर काही वेळ त्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आज वीज जरा वरखाली होतेय."

रविवारी तिघं पुन्हा तिच्याच लॅपटॉपभोवती. समांतर गणनेत जीन ॲमडालचा १९६७चा एक नियम आहे: कामाचा दहावा हिस्सा जर एकामागून एक असाच करावा लागत असेल, तर हजार हात लावले तरी वेग दहापटीच्या वर जात नाही. इन्स्टॉल करणं हा तो दहावा हिस्सा. तिघांनी मिळून ते एकटीच्या दुप्पट वेळात केलं.

आणि चालायला लागलं, तर बंद पडलं. संदेश, मराठीत सांगायचा तर, असा: लिबआयओएमपी५एमडी सुरू करत होतो, पण लिबआयओएमपी५एमडी आधीच सुरू आहे. एकाच नावाच्या दोन सुना एकाच ओट्यावर. हीसुद्धा तयार चक्क्यांचीच देणगी. प्रत्येक चक्का लागणारी लायब्ररी पोटात घालून येतो, म्हणजे प्रत्येक पाहुणा स्वतःचा सिलिंडर घेऊन जेवायला येतो. दोन वेगळ्या दुकानांतून आणलेल्या पॅकेजेसचे सिलिंडर एकाच खोलीत आले की नियंत्रक हात वर करतो. तोच संदेश पुढे एक पळवाटही सांगतो. अमुक एक चल 'ट्रू' करा, चालेल. मात्र ही वाट असुरक्षित आहे, तिला आमचा पाठिंबा नाही, तिची कुठे नोंद नाही, आणि उत्तर गुपचूप चुकू शकतं. नोंद नसल्याची नोंद इतक्या ठसठशीत अक्षरांत क्वचितच कुणी केली असेल. दादाने ताबडतोब ते चल 'ट्रू' केलं. टेबलाखाली कागदाची घडी बसली.

तिने ती काढायला लावली. तिच्या आकड्यांवर तिची पदवी होती.

घडी काढून सगळं एकाच दुकानातून, नव्याने, रिकाम्या एन्व्हायर्नमेंटमध्ये घेतलं, तर प्रोग्राम चालला, आणि पूर्वीपेक्षा हळू चालला. आठ कामगार लावले होते; प्रत्येक कामगाराच्या पोटातल्या गणिताच्या लायब्ररीनेही आठ कोअर बघून स्वतःचे आठ धागे काढले. शेगड्या आठ, आचारी चौसष्ट. लायब्ररीला 'तू एकच धागा वापर' असं सांगितल्यावर वेग आला. समांतर काम करायचं तर आधी प्रत्येकाला एकेकट्याने काम कर म्हणून बजवावं लागतं, हे तिने वहीत लिहून ठेवलं आणि पुढे उद्गारचिन्ह काढलं.

मधल्या चहाला सर सी-डॅकच्या गोष्टी सांगतात. अमेरिकेने महासंगणक द्यायला हात आखडता घेतला, त्यातून १९८८मध्ये पुण्यात सी-डॅक उभी राहिली आणि विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१मध्ये परम ८००० तयार झाला. एक महाकाय मेंदू परवडत नाही तर अनेक छोटे मेंदू जोडू, ही त्यामागची कल्पना; म्हणजे या शहराला समांतर गणना काही नवी नाही. आज पुण्याजवळच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीसाठी परम रुद्र आहे, आयआयटीएममध्ये हवामानासाठी अर्का आहे. अशा यंत्रांवर काम मिळालं की सगळी दुखणी संपतील असं विद्यार्थ्यांना वाटतं. तिथे पोचल्यावर समजतं, की गणना करणाऱ्या नोडना बहुधा इंटरनेट नसतं, ॲडमिनचा पासवर्ड मिळत नाही, आणि एमपीआय तिथल्या वेगवान नेटवर्कला मापून बसवलेली असते. त्यामुळे माहितगार माणूस पहिला सल्ला देतो तो असा: तयार चक्का आणू नका. इथल्या पुरणयंत्रासाठी दुधापासून करा.

दादाने हे ऐकून चहा संपवला आणि म्हणाला, "म्हणजे फिरून गोठ्यात."

सोमवारी संध्याकाळी तिच्या विंडोजवर चौघांची हजेरी घेतली. उत्तर आलं: मी क्रमांक २, एकूण ४. मी क्रमांक ०, एकूण ४. मी क्रमांक ३, एकूण ४. मी क्रमांक १, एकूण ४.

"हे उलटसुलट का आलं?" सरांनी चष्मा वर केला. "शून्य आधी यायला हवा ना?"

"नाही सर. चौघं एकदम धावताहेत. जो आधी पोचेल त्याची ओळ आधी."

पुन्हा चालवलं. ३, १, ०, २. दादाने टाळी वाजवली. सर म्हणाले, आणखी एकदा चालव.

०, १, २, ३.

आता मात्र तिला शंका आली.